कोरड्या नदीवरचा पूल

कोरड्या नदीवर पूल असतो, हे मी त्या गावात पहिल्यांदा पाहिलं. मे महिना होता. नव्या शाळेवर हजर व्हायच्या आधी राहायला खोली बघावी म्हणून मी परभणीहून झरीपर्यंत एसटीनं आणि झरीच्या पुढं एका दुधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून निघाले होते. त्यानं मला नदीच्या काठाला उतरवलं, समोरच्या काठावरच्या झाडीकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "त्ये बगा तुमचं गाव. आता पायी जावा."

नदी म्हणजे दुधना. म्हणजे नुसती वाळू. मधे एखादं हिरवट डबकं, त्यात एक म्हैस. आणि या काठापासून त्या काठापर्यंत डांबराच्या रिकाम्या पिंपांची दुहेरी रांग, पिंपांवर बाभळीच्या फळ्या, दोन्ही बाजूंना हाताला धरायला दोर. एवढा मोठा पूल वाळूत पोट टेकून निजला होता. वरून ऊन असं की सगळं हलल्यासारखं दिसत होतं. मी पिशवी सावरली आणि सरळ वाळूतून चालायला लागले.

"बाई! पुलावरनं!"

पलीकडून एक माणूस ओरडत येत होता. खाकी हाफ पँट, पांढरी बंडी आणि पायात गमबूट. मे महिन्यात, वाळूत, गमबूट!

"अहो, नदीत पाणी कुठंय?" मी म्हटलं.

"पाणी न्हाई. पूल हाय ना?"

"मग?"

"मग पुलावरनं या."

मी बाईमाणूस, नव्या गावात पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून मागं फिरले आणि त्या पिंपांवर चढले. तो समोर उभा राहून माझ्या पायांकडं बघत होता. "ताल धरू नका," म्हणाला. "एक पाऊल लांब टाका, एक आखूड. हां, असं." मी शहाण्यासारखी लांब-आखूड पावलं टाकत कोरडी नदी ओलांडली. हाताखालच्या दोराला मधे मधे कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. एक लाल, एक फुलाफुलांची, आणि एक कसल्याशा जुन्या लुगड्याची विटलेली हिरवी किनार. मी सहज त्या किनारीला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या तिला," तो म्हणाला. "बाकीच्या दोघी येतील आठ-पंधरा दिसांत. हिरवीचं काही सांगता येत न्हाई."

मनात म्हटलं, घ्या! प्रत्येक गावात एक डोक्यावर पडलेला असतो, तो आपल्याला वेशीवरच भेटला. तासाभरानं कळलं की गावात भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली आहे आणि ती याच माणसाची.

गाव त्यांना फौजी म्हणायचं. मीही फौजीच म्हणायला लागले. तरुणपणी फौजेच्या इंजिनिअर पलटणीत होते. बांगलादेशच्या लढाईत गेलेले. कुणी कौतुकानं विचारायचं, "फौजी, किती गोळ्या मारल्या?" तर म्हणायचे, "दोर वढले," आणि विषय संपवायचे. लढाईच्या गोष्टी ऐकायला म्हणून पोरं त्यांच्याभोवती बसायची आणि गाठी शिकून उठायची. माझ्या शाळेतल्या पोरांना पाढे येत नव्हते, पण ओल्या दोराची आणि कोरड्या दोराची गाठ वेगळी असते हे पहिलीच्या पोराला ठाऊक होतं. मी हात टेकले.

त्यांच्या घरात खिळा नव्हता. शपथेवर सांगते, एकही नाही. फडताळ, उतरंडीचा माच, गोठ्याचं छप्पर, सगळं दोरीनं नाहीतर लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. दर दिवाळीच्या सुट्टीत फौजी गोठा पार सोडायचे, प्रत्येक वासा पुसायचे आणि पुन्हा उभा करायचे. तोवर गाय अंगणात उभी राहून आपलं घर कुठं गेलं म्हणून बघत राहायची. माझं लोखंडी कपाट आलं तेव्हा फौजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारून विचारलं, "हे सुटतंय कसं?"

"सुटत नाही," मी म्हटलं.

"मग अवघड हाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं इतक्या दयेनं पाहिलं की मलाच त्या कपाटाचं वाईट वाटायला लागलं.

पहिल्या उन्हाळ्यात मी शाळेतून आले तर माझ्या खोलीला दार नाही! दार अंगणात लिंबाखाली चार विटांवर ठेवलेलं आणि त्यावर फौजी निजलेले. माझा जो पारा चढला म्हणता! "उन्हाळ्यात दाराचं काय काम हाय बाई?" ते उठून बसत म्हणाले. "वारं आत जाऊ द्या. मिरगाला लावून दीन." मी मावशींकडं, म्हणजे त्यांच्या बायकोकडं, तक्रार घेऊन गेले. मावशी चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "माज्या लग्नाला इतकी वर्सं झाली, पर ह्या घराला उन्हाळ्यात दार म्हाईत न्हाई. चूल तेवढी मी हात लावू दिली न्हाई, न्हाईतर तीबी रोज सोडून रोज जोडली असती ह्येनी." आणि मला एक जाड गोधडी दिली, दाराच्या जागी टांगायला. त्या गोधडीमागं मी सात उन्हाळे काढले आणि खरं सांगायचं तर पुढं बदली होऊन शहरात आल्यावर बंद दाराआड मला कित्येक दिवस झोप लागत नव्हती.

आता पुलाचं सांगते. गावाच्या खाली नदीला कोल्हापुरी बंधारा होता. पावसाळा सरला की त्याची दारं लावायची आणि मग पाणी मागं तुंबायचं. गाव एका काठाला आणि झरीची, परभणीची सडक दुसऱ्या काठाला. पक्का पूल मंजूर आहे, मंजूर आहे असं सगळे आमदार सांगून गेलेले. फौजी निवृत्त होऊन आले, कुणा रस्त्याच्या ठेकेदाराकडून पिंपं आणली, तोंडं बंद केली, आणि दिवाळीच्या सुमाराला पाण्यावर पूल टाकला. पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून घेतला. तेव्हापासून दरसाल टाकायचा, दरसाल काढायचा. नदीनं एकदाही नेला नाही. गावातले लोक म्हणायचे, फौजी, बांधणं अवघड आहे. ते म्हणायचे, "बांधतंय की गाढवबी. काढायला अक्कल लागती."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला म्हणीसारखंच वाटायला लागलं होतं. त्यात काही दुखणं असेल असं वाटलंही नव्हतं.

हिवाळ्यातली सकाळ आठवते. तुंबलेल्या पाण्यावर धुकं बसलेलं असायचं, त्यात पुलाचा मधला भाग दिसायचाच नाही. अलीकडं चार पिंपं, पलीकडं करंजाच्या झाडाचा शेंडा, मधे काही नाही. फौजी पहाटेच गमबूट घालून पुलाच्या तोंडाशी उभे, एक हात दोरावर. दोराला हात लावून त्यांना कळायचं, कोण चाललंय. "सरपंचाची आई हाय," म्हणायचे. थोड्या वेळानं धुक्यातून खरंच सरपंचाची आई निघायची. एखाद्या वर्षी मधला एक दोर कुणी बदलला तर डोळे मिटून सांगायचे, हा आपला नव्हे.

त्यांचा एकच कायदा, पुलावर ताल नाही. पलटणीत शिकलेले. पावलाला पाऊल मिळवून शंभर माणसं चालली तर पूल झुलायला लागतो आणि सुटतो. आमच्या गावात शंभर माणसं एका तालात चालणं सोडाच, दोन भाऊ एका तालात चालत नव्हते, पण कायदा तो कायदा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचं लेझीमसुद्धा पुलाशी थांबायचं. एकदा ताडकळसहून वरात आली. भल्या सकाळी, धुक्यात, बाजा वाजवत. फौजी दोन्ही हात पसरून पुलाच्या तोंडाशी उभे राहिले.

"बाजा बंद. पाऊल मोडा."

बाजेवाला तावातावानं म्हणाला, "ओ, आमचा बाजा नवरीच्या दारात बंद व्हतो. नदीत न्हाई."

"मग पोहत या," फौजी म्हणाले.

नवरदेवाचा बाप आला, मामा आला, रुसवेफुगवे झाले. शेवटी बाजा थांबला आणि सगळी वरात पुलावरून आली. कुणी लांब पाऊल टाकतंय, कुणी आखूड, बायका पदर सावरतायत, नवरदेव घोड्यावरून उतरून दोर धरून चाललाय, बाशिंगाच्या झिरमिळ्या हलतायत. शब्द नाही कुणाच्या तोंडात. पिंपांचा तेवढा घुमणारा आवाज. धुक्यातून एकेक माणूस निघत होतं आणि आमच्यापुढून जात होतं. मी शाळेच्या वाटेवर उभी होते ती घंटेची वेळ विसरून तशीच उभी राहिले. मागं वळून पाहिलं तर फौजींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी विचारलं, काय झालं? "धुकं हाय," म्हणाले. पुढं गावातल्या बायकांनी तोंडातोंडी पसरवलं की पुलावर बाजा थांबवलेलं लगीन टिकतं, आणि मग लोक आपण होऊन थांबवायला लागले.

त्या चिंध्यांचंही कळलं. दिवाळी झाली की गावातली निम्मी माणसं ऊस तोडायला निघायची. पलीकडच्या काठावर ट्रक उभा राहायचा. गाठोडी, पातेली, कोंबड्या, लेकरं, सगळं पुलावरून पलीकडं जायचं. जाताना प्रत्येक घरची बाई आपल्या लुगड्याची नाहीतर लेकराच्या झबल्याची एक चिंधी फाडून दोराला बांधायची. बौद्धवाड्यातली असो, पाटलाच्या आळीतली असो, दोर एकच. हंगाम संपवून परत आली की स्वतःच्या हातानं सोडायची. जिनं बांधली तिनंच सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळ्या चिंध्या सुटल्याशिवाय फौजी पूल काढायचे नाहीत, मग नदी वाळून वाळू होवो. म्हणून तर मी आले तेव्हा तो कोरड्या नदीत निजलेला होता. फक्त ती हिरवी किनार कुणीच सोडायचं नाही. ती दोराबरोबर गुंडाळली जायची आणि दिवाळीला दोराबरोबर परत यायची. कुणाची म्हणून मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "असंल कुणाची तरी."

मी तिथं असतानाचं चौथं की पाचवं वर्ष. मे संपत आला होता. दोराला एकच चिंधी राहिली होती, आमच्या शेजारच्या घरातली नवी सून मुक्ता, तिची. पिवळी. तिचे सासू-सासरे टोळीबरोबर परत आले होते. मुक्ता तिकडं उसाच्या फडावरच बाळंत झाली, बाळ अशक्त म्हणून ती आणि नवरा मागं राहिले होते. येतील चार दिवसांनी, असा निरोप होता.

अशातच एका सकाळी सेलूहून कुणाच्या तरी पाहुण्याचा फोन आला, वर अवकाळी पाऊस धो धो पडलाय, नदी निघालीय. आमच्याकडं आभाळ कोरडं ठणठणीत. वाळू तापलेली. पण फौजींना पटायला वेळ लागला नाही. त्यांनी वाळूची एक मूठ घेतली, वास घेतला की काय केलं देव जाणे, आणि म्हणाले, "काढा."

सगळं गाव जमलं. बांधताना फौजी खेकसायचे, पण काढताना त्यांचा आवाज चढायचा नाही. पलीकडच्या काठापासून सुरुवात करायची, एकेक जोड सोडत, पिंपं मागं देत देत आपल्या काठाकडं यायचं, असा त्यांचाच कायदा. शेवटचा माणूस उरलेल्या पुलावरून घरी येतो. ते स्वतः पलीकडं करंजाखाली बसले आणि पहिली गाठ सोडली. दोर मोकळा झाला. पिंपं अलीकडं सरकायला लागली. माणसं मागं मागं येत होती. फौजी मात्र तिथंच उभे.

"फौजी, या की!"

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले.

मी आमच्या काठावरून पाहिलं. त्यांनी दोरावरून पिवळी चिंधी सोडली. आजवर त्यांनी दुसऱ्याच्या चिंधीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. ती करंजाच्या फांदीला बांधली. मग हिरवी किनार सोडली, तीही बांधली. आणि गमबूट काढून झाडाच्या बुडाशी बसले. तोवर आम्हाला आवाज ऐकू यायला लागला होता. पाणी आलं ते भिंतीसारखं वगैरे नाही. आधी एक गढूळ जीभ वाळूवरून सरपटत आली, पाचोळा ढकलत. मग तिच्या मागून दुसरी. बघता बघता आमच्यात आणि फौजींत नदी उभी राहिली. पाऊस नाही, ढग नाही, वर लख्ख ऊन आणि खाली ती तांबडी नदी. मला ते खरं वाटेना.

मावशी काठावर आल्या आणि त्यांनी जे तोंड सोडलं! "आवो, येड लागलं का तुमाला? म्हातारपणी पलीकडं जाऊन बसलाव! भाकर कोण दील?"

फौजींनी पलीकडून दोन्ही हात हलवले. काय म्हणाले ते पाण्यात बुडालं. पण आम्हाला कळलं. पूल दिसला नाही तर मुक्ता आणि तिचा नवरा बंधाऱ्यावरून यायला बघणार. सगळेच बघायचे. बंधाऱ्यावरून पाणी चाललेलं असताना उतरायला गेलेली दोन माणसं त्या गावानं त्याआधी घालवली होती. आणि इथं तर ओली बाळंतीण, कडेवर तान्हं पोर. तिला सांगायला त्या काठावर कुणीतरी हवं होतं.

दुधवाला लांबच्या पुलावरून वळसा घालून भाकरी घेऊन गेला. रात्र फौजींनी झाडाखाली काढली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पलीकडच्या वाटेवर दोन माणसं दिसली. मुक्ताच्या नवऱ्यानं नदी पाहिली आणि तो खरोखर सरळ बंधाऱ्याकडं वळला. फौजी धावले. त्या वयात, अनवाणी. त्याच्या दंडाला धरून त्यांनी त्याला मागं आणलं. मग मुक्ता झाडापाशी आली, तिनं बाळ फौजींच्या हातात दिलं आणि आपली पिवळी चिंधी सोडली. आमच्या काठावर तिची सासू रडत होती, मावशी रडत होत्या, मीही रडले. लपवायचं काय त्यात!

ते तिघं आणि बाळ वळसा घालून संध्याकाळी घरी आले. फौजी अंगणात बसून पुलाचा दोर उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात पसरत होते. मी सरळ जाऊन विचारलं, "पिवळी सुटली. हिरवी का ठेवून आलात? कुणाची आहे ती?"

त्यांनी हातातला दोर चाचपला.

"लढाई थांबली व्हती बाई," मग म्हणाले. "तिथं नद्याच नद्या, आन पूल समदे पाडलेले. पळून आलेली माणसं आपापल्या घराकडं परत निघाली व्हती. आमी नावा जोडून पूल टाकला. थंडीचे दिस, धुकं असं की म्होरल्याची पाठ दिसायची न्हाई. धुक्यातनं माणसं निघायची आन धुक्यात जायची. डोक्यावर गाठोडं, कडंवर लेकरू. कुणी बोलायचं न्हाई. नुसती पावलं."

मला ताडकळसची वरात आठवली.

"एक म्हातारी आली. माज्या आईच्या वयाची. घर ऱ्हायलंय का जळलंय, त्ये बगायला ती म्होरं निघाली व्हती. ल्योक-सून मागं छावणीत, नातू आजारी म्हून. आपली बोली तिला येईना, तिची मला. हातानंच दावलं समदं. मग लुगड्याची किनार फाडून दोराला बांधली. कोणत्या नदीवरनं, कोणत्या पुलावरनं आई गेली, मागनं येणाऱ्याला कसं कळंल? म्हून खूण. दोराकडं बोट केलं, मग माज्याकडं बोट केलं. ध्यान ठिव म्हणून. मी मान डोलावली."

"मग?"

"मग हुकूम आला. पूल म्होरल्या नदीवर पायजे, काढा. काढला. आमचा कायदा असा, काठावर खुंटीबी मागं सोडायची न्हाई. दोर गुंडाळला. मुक्कामाला जाऊन उलगडला तवा किनार हातात आली." त्यांनी दोराचा एक पीळ सरळ केला. "तिथं झाड व्हतं बाई. सावरीचं. मी त्याच्याच बुडाला बसून दोर सोडला. किनार सोडायची आन झाडाला बांधायची, एवढंच व्हतं. पूल गेला असता, खूण ऱ्हायली असती. पर डोस्क्यात एकच, मागं काही सोडायचं न्हाई. सुचलंच न्हाई मला."

"आली असतील हो ती," मी म्हटलं.

"आली असतील. न्हाईबी. पूल नेला त्याचं काही न्हाई, आमचाच व्हता त्यो. किनार माजी नव्हती."

मी विचारलं, मावशींना माहीत आहे का? म्हणाले, "तुमी इचारलं म्हून सांगितलं. घरात कुणी इचारलं न्हाई." आणि उठून दोर वळचणीला टांगायला गेले.

पुढं माझी बदली झाली. वर्षा-दोन वर्षांनी मी जायची. मग पक्का पूल खरंच झाला. त्याच्या कामात करंजाचं झाड जाणार होतं, तेव्हा फौजींनी माझ्या जुन्या खोलीचं दार उचललं, झाडाखाली टाकलं आणि त्यावर जाऊन निजले. ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि परत गेली. काही दिवसांनी सडक झाडाला थोडा वळसा घालून गेली. पूल झाल्यावर फौजींनी तो खालून वरून निरखला आणि मला म्हणाले, "चांगला हाय. पर सुटायचा न्हाई." डांबराची पिंपं गावानं वाटून घेतली. कुणी त्यात ज्वारी ठेवली, कुणी कोंबड्या. ऊसतोडीला निघालेल्या बायका विचारायला आल्या, फौजी, आता चिंधी कुठं बांधायची? त्यांनी झाड दाखवलं.

त्या झाडाकडं ते मला दर भेटीत घेऊन जायचे. पक्क्या पुलावरूनसुद्धा लांब-आखूड पावलं टाकत. आणि ती हिरवी किनार दाखवून म्हणायचे, "तिकडलं सूत बगा बाई. इतकी वर्सं उनापावसात हाय, पर रंग हाले ना." मी मान डोलवायची. खरंच हिरवीगार असायची. माझ्या डोक्यात कधी आलं नाही की मी पहिल्या दिवशी पाहिली तेव्हा ती विटलेली होती.

गेल्या हिवाळ्यात फौजी गेले. मी जलदान विधीला पोचले. घरात वंदना झाली, माणसं जेवून पांगली. उन्हं कलल्यावर मावशी म्हणाल्या, "चला बाई, झाडाकडं जाऊन येऊ." आम्ही दोघी पुलावरून निघालो. अर्ध्यावर माझ्या ध्यानात आलं की दोघींचीही पावलं मोडलेली आहेत. खाली तुंबलेलं पाणी, त्यावर धुकं धरायला लागलेलं.

करंजावर बऱ्याच चिंध्या होत्या. टोळ्या बाहेर गेलेल्या होत्या. हिरवी किनार खालच्या फांदीला, हाताच्या उंचीवर. मावशींनी कमरेची पिशवी उघडली आणि आतून एक नवी, कोरी, हिरवी किनार काढली.

मी बघतच राहिले. "मावशी, हे काय?"

"जुनी विरायली. बदलते," त्या म्हणाल्या. "पयली तर दोन पावसाळ्यांतच कुजली व्हती. मंग मी माज्या लुगड्याची फाडली, तसलाच रंग बगून. दरसाल एक."

"फौजींना माहीत होतं?"

"मी सांगितलं न्हाई. त्येनी इचारलं न्हाई."

दोर बदलला की डोळे मिटून ओळखणारा तो माणूस! किनार हातात धरून मला म्हणायचा, तिकडलं सूत बगा. मला हसूही आलं आणि रडूही कोसळलं.

"कुणाची आहे ते तरी ठाऊक होतं का तुम्हाला?"

"न्हाई की. ह्येनी बांधली, आन सोडायला कुणी आलं न्हाई. म्हंजी कुणीतरी यायचं ऱ्हायलंय. आपण कामून काढायची?"

मग मी त्यांना सांगितलं. धुकं, नावांचा पूल, ती म्हातारी, मागं राहिलेले लेक-सून, आजारी नातू, सावरीचं झाड. मावशी खाली बसून ऐकत होत्या. माझं सांगून झालं तरी पाण्याकडंच बघत होत्या. मला वाटलं, उगाच बोलले की काय मी.

"लय लांबनं यायचेत की मंग," त्या उठत म्हणाल्या. "आन मी आपली हाताला लागंल तिथं बांधायले." त्यांनी नवी किनार माझ्या हातात दिली. "धरा. तुमी उंच हाव. वर बांधा."

मी पायातल्या चपला काढल्या, झाडाच्या बेचक्यात पाय दिला आणि हात पोचेल तितक्या वरच्या फांदीला किनार बांधली. फौजींनी शिकवलेली गाठ, ओल्यातही न सुटणारी. खाली पाहिलं तर मावशी नव्हत्या. त्या सडकेनं लांब, वळणापर्यंत चालत गेल्या होत्या. तिथं थांबून त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि झाडाकडं पाहिलं.

"दिसायलीय!" त्या तिथून ओरडल्या.